ही गोष्ट कुणाला द्याल?

मराठीत कुणीतरी स्वतः लिहिलेली, नवी, फुकट वाचायला मिळणारी गोष्ट शोधायला आता कुठे जावं लागत नाही. १९९६ साली 'मायबोली' सुरू झाली, २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'मिसळपाव'. माणसं नोकरी-संसार सांभाळून, रात्री जागून तिथे कथा लिहीत राहिली. मानधनाचा विषयच नव्हता. ठाण्याचं ई-साहित्य प्रतिष्ठान पुस्तकंच्या पुस्तकं पीडीएफ करून मोफत वाटतं. २०१४ साली बंगळुरात 'प्रतिलिपी' सुरू झालं, पुढे ते मराठीतही आलं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ बाजारात उतरलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्याच्या हाती मोबाइल तो वाचक, मनात आलं तर लेखकसुद्धा, असं होऊन गेलं.

आणि तरीही आमच्या बसमध्ये रोज कुणीतरी विचारतंच, "काहीतरी चांगलं वाचायला सांगा ना राव."

ही बस भोसरीहून चाकणला जाते. कंपनीचीच. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, मग चाकणचा तळेगाव चौक. नकाशावर पाहिलं तर अंतर काहीच नाही. पण पुणे-नाशिक महामार्ग अडला की त्या चौकाआधी एक दीर्घकथा आरामात वाचून होते, आणि चौक ओलांडेपर्यंत तिच्यावर भांडणही. जाताना सगळे झोपलेले असतात. वाचन येताना. फोन दिवसभर लॉकरमध्ये पडलेला असतो, ज्यांना आत न्यायची परवानगी आहे त्यांच्या कॅमेऱ्यावर गेटवरच स्टिकर लागतो. त्यामुळे सुटल्यावर तो हातात आला की माणूस त्याच्यावर तुटून पडतो. रील बघणारे बहुसंख्य, हे मान्यच. पण वाचणारेही आहेत. बीड, लातूर, नांदेड, वाशीमकडून आलेली अप्रेंटिस पोरं, वायर हार्नेसच्या लाइनवर काम करणाऱ्या मुली, निवृत्तीला आलेले मेंटेनन्सचे मामा. यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुस्तक विकत घेतलेलं नाही, आणि रूमवर चार जण राहतात तिथे ते ठेवायचं तरी कुठे?

तर आम्ही एक ग्रुप काढला. फक्त फुकट मिळणाऱ्या, मूळ मराठीत लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या एकमेकांना सुचवायच्या. सुरुवातीला जे व्हायचं तेच झालं. पहिल्याच रात्री चाळीसएक लिंका येऊन पडल्या. कुणी वाचून टाकल्या होत्या, कुणी नुसत्याच टाकल्या होत्या, आणि त्याखेरीज एकाने आपल्या मेहुण्याची अख्खी कादंबरी भाग १ ते भाग ६३ ओळीने ओतली होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये प्रश्न पुन्हा तोच: यातली वाचू कोणती?

माझं काम इनकमिंग इन्स्पेक्शनचं. सप्लायरकडून माल आला की त्यातले नग काढून मोजायचे, तपासायचे आणि मग टॅग लावायचा. टॅगवर नुसतं 'ओके' लिहून भागत नाही. प्रत्येक इन्स्पेक्टरचा नंबर असलेला शिक्का असतो, तो मारावा लागतो. उद्या लाइनवर पार्ट बसला नाही तर हा माल कुणी पास केला ते त्या नंबरावरून कळतं. शिक्का मारताना हात किंचित थबकतो तो याच कारणाने. ग्रुपवरच्या त्या चाळीस लिंकांमागे कुणाचाच शिक्का नव्हता. पाठवणाऱ्याला पाठवण्याचे पैसे पडत नव्हते, न आवडल्याचा जाब द्यावा लागत नव्हता. फुकट मालाची खरी अडचण ही आहे. तो वाईट असतो असं नाही, पण त्याच्यासाठी कुणी आपलं नाव पणाला लावलेलं नसतं. प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकात निदान त्याचे पैसे तरी अडकलेले असतात.

म्हणून नियम झाले. गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली पाहिजे. लेखकाचं नाव पाहिजे. आणि खाली एक ओळ: ही गोष्ट तुम्ही कुणाला द्याल? 'सर्वांनी वाचावी अशी' हे उत्तर बाद. हा तिसरा नियम कुणी सुचवला यावर अजून वाद आहे, पण खरी करामत त्याने केली. लोक लिहू लागले: 'ज्याची बायको गावाकडे आहे त्याने वाचू नये.' 'लग्नाची बोलणी चालू असलेल्या मुलींना.' 'आमच्या सुपरवायझरला, पण मी पाठवली हे सांगू नका.' गोष्टीबद्दल एक अक्षर न बोलताही तिच्याबद्दल पुरेसं कळायला लागलं, आणि सुचवणाऱ्याबद्दल तर जरा जास्तच.

लेखकाच्या नावाचा नियम सोपा वाटतो, पण सर्वांत जास्त भांडणं त्याच्यावरूनच होतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गोष्टीच्या डोक्यावर दोन बाण येतात, म्हणजे ती फार वेळा पुढे ढकलली गेली आहे. आणि तेवढ्या प्रवासात खालचं नाव कुठेतरी गळून पडतं. मग 'लेखक अनामिक'. नाहीतर सरळ वपु किंवा पुलं. त्या दोघांच्या नावावर इतकं काही फिरतं की त्यांनी ते सगळं लिहायचं ठरवलं असतं तर आणखी एकेक आयुष्य लागलं असतं. कुठल्यातरी तालुक्याच्या गावी बसून एखाद्या बाईने लिहिलेली गोष्ट वपुंच्या नावाने वाचून आपण डोळे पुसतो, आणि तिला पत्ताही नसतो. तिला या गोष्टीचा एक पैसा मिळणार नव्हताच. नाव मिळणार होतं, तेही गेलं.

हे दुखणं मात्र मोबाइलने आणलेलं नाही. आमच्या बसच्या रस्त्यापासून देहू काही लांब नाही. तुकोबांच्याच काळात, त्यांच्याच गावात, सालोमालो नावाचा कुणी एक जण त्यांचे अभंग उचलून शेवटी स्वतःचं नाव घालून म्हणायचा, अशी कथा वारकऱ्यांत सांगतात. म्हणजे 'तुका म्हणे' असं कवितेतच गुंफलेलं नावसुद्धा माणसं काढू शकली. आणि उलटही झालं: दुसऱ्यांच्या रचना तुकोबांच्या नावाखाली शिरल्या, त्या निवडून बाजूला काढता काढता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या.

याच गोष्टीत चाकण येतं. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, संताजी जगनाडे, हे चाकणचे. व्यवसायाने तेली. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला, चाकण-तळेगाव रस्त्याच्या बाजूला. कीर्तनात ऐकलेले अभंग ते लिहून ठेवत. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तेव्हा ती लोकांच्या तोंडी होती म्हणून वाचली, असं आपण म्हणतो. पण तोंडी असलेलं कुणीतरी कागदावर उतरवलेलंही होतं. संताजींच्या नावाने चालत आलेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास गाथा छापली. त्या वह्यांतला कोणता भाग कुणाच्या हातचा यावर विद्वानांनी खूप शाई खर्च केली आहे, तिच्यात मी पडत नाही. मला त्या वह्यांचं कुतूहल वेगळ्या कारणाने आहे. घाण्यावर दिवसभर राबणाऱ्या माणसाने कितीतरी कीर्तनं ऐकली असतील. त्यांतलं आपण लिहून ठेवायचं ते काय, हे त्याने ठरवलं. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता. तुकोबांनाही अभंगाचे पैसे मिळत नव्हते. ज्या मुलखात मराठीतलं सर्वांत मोठं लेखन असं दोन्ही बाजूंनी बिनपैशाचं झालं, तिथे राहून 'फुकटचं ते हलकं' असं म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. आमच्या ऑफिसात असे दोघेतिघे आहेत. ते विकत घेतलेलंही वाचत नाहीत, हा भाग वेगळा.

पण लिहिणाऱ्याला काहीच नको असतं, हेही खरं नाही. 'मायबोली', 'मिसळपाव'वर एक संक्षेप चालतो, पुभाप्र. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. क्रमशः कथेखाली अशा दहा-वीस प्रतिक्रिया आल्या की लेखक पुढचा भाग लिहितो. दोनच आल्या तर पुष्कळदा लिहीत नाही, आणि नायिका कायमची पुणे स्टेशनवर उभी राहते. अशा अर्धवट सोडलेल्या कथांनी मराठी इंटरनेट भरलेलं आहे. म्हणून ग्रुपवर मागणी आली की पूर्ण झालेलीच गोष्ट सुचवावी. मला ते पटत होतं. मात्र आमच्यातला एक अप्रेंटिस, जो स्वतः लिहितो, उसळून म्हणाला, "सर, अर्धी असताना कुणी वाचलीच नाही, तर पूर्ण कशाला करेल कोणी?" मुद्दा बिनतोड होता. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशःच आली, आठवड्याला वाट बघणाऱ्या वाचकांच्या जोरावर. त्याच हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. मग तोडगा निघाला: अर्धवट गोष्ट सुचवायची असेल तर सुचवणाऱ्याने आधी लेखकाला प्रतिक्रिया लिहायची, आणि ती नुसती 'छान' नको.

'छान'शी माझं वैर आहे. 'अप्रतिम', 'निःशब्द', 'डोळ्यांत पाणी आलं' हे त्याचे सख्खे भाऊ. फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत असा आपल्याकडे संकोच आहे, जेवायला बोलावल्यावर मीठ कमी आहे म्हणू नये तसा. त्यामुळे सगळ्याच गोष्टींना पाच तारे मिळतात आणि तारे निरुपयोगी होतात. या बाबतीत मला सर्वांत भरवशाचे वाचक भेटले ते भयकथांचे. प्रेमकथा वाचणारा खोटं बोलू शकतो, सामाजिक कथा वाचणारा तर हमखास बोलतो, पण भीती वाटली की नाही याबद्दल कुणी खोटं बोलत नाही. प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर फक्त भुताच्याच गोष्टी सुचवतो. 'पहिली चार पानं फेकून द्या, विहीर आली की सुरू करा' असं स्वच्छ लिहितो. त्याच्या ओळीवरून मी अशा गोष्टी वाचल्या ज्यांना कुठलाच दिवाळी अंक हात लावणार नाही. त्यांतल्या एकीत नाइट शिफ्टला बंद पडलेल्या लाइनवर कुणीतरी काम करत असतं. शुद्धलेखनाचा आनंद आहे, शेवटही घाईचा. पण कन्व्हेयरचा आवाज लिहिणाऱ्याने ऐकलेला आहे. छापील मराठी कथेत शॉप फ्लोअर मला इतका कमी भेटला आहे की तेवढ्यासाठी ऱ्हस्व-दीर्घ माफ.

आता 'प्रतिलिपी'वर काही मालिकांचे पुढचे भाग पैसे भरणाऱ्याला आधी वाचायला मिळतात. लिहिणाऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे, फक्त तशा मालिका आमच्या ग्रुपात बसत नाहीत. यावरून दोन मुली ग्रुप सोडून गेल्या. त्यांची मालिका ऐन भरात होती. त्यांना थांबवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं.

सध्या ग्रुप एका वेगळ्याच कामाला लागला आहे. हिंगोलीकडच्या एका मुलाने विचारलं, वडिलांसाठी गोष्ट सुचवा. ते सातवीपर्यंत शिकलेले, शेती करतात, त्यांना नुकताच मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिलाय आणि ते दिवसभर त्यावर भांडणाचे व्हिडिओ बघतात. अटी अशा: लहान असावी, शेवटी कुणी मरू नये, आणि शेतकऱ्याची आत्महत्या अजिबात नको. या शेवटच्या अटीनंतर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. शेतकऱ्यावरच्या नव्या गोष्टीतून आत्महत्या वगळायची म्हटल्यावर आमच्याकडे उरलंच किती थोडं! हार्नेस लाइनवरच्या एकीने माहेरच्या म्हशीवरची गोष्ट काढली. मेंटेनन्सच्या मामांनी एक विनोदी ग्रामीण कथा दिली. प्रेस शॉपवाल्याने अर्थातच विहीर.

वडिलांनी तिन्ही वाचल्या. म्हशीची गोष्ट लिहिणाऱ्याने धार काढलेली नाही, म्हणाले. विनोदी कथेवर हसले नाहीत. भुताची आवडली, पण विहिरीला रहाट दाखवलाय तो त्या भागात नसतो, तिथे मोट असायची. मुलाने हे सगळं जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, आणि प्रेस शॉपवाल्याने ते लगेच त्या लेखकाला कळवलं. वडिलांना पुढची गोष्ट तमाशाच्या फडावरची हवी आहे. फुकट, पूर्ण झालेली. कुणाच्या वाचनात असेल तर आम्ही शोधतोय.