दिंडी दरवाजा आणि एक पान

मागच्या शनिवारी बायकोबरोबर शहराबाहेरच्या एका गोडाऊनमध्ये गेलो होतो. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये "काहीतरी जुनं" हवं, असं तिचं म्हणणं. (मी आहे की, म्हटलं. विनोद आवडला नाही.) आत राजस्थानचे झरोके, चेट्टिनाडचे काळेभोर सागवानी खांब, आरामखुर्च्या, चिनीमातीच्या बरण्या, सगळं एकमेकांवर रचलेलं. आणि कोपऱ्यात एक टीपॉय. म्हणजे वाड्याच्या दरवाजाची एक फळी आडवी करून खाली चार लोखंडी पाय, वर जाड काच. काच का, तर लोखंडी फुल्यांवर कप नीट राहत नाही म्हणून.

किंमत 1 लाख 40 हजार.

मी गुडघ्यांवर बसून फळीची डावी बाजू बघायला लागलो. बायकोला वाटलं, लाकूड तपासतोय. मी स्क्रूची चार भोकं शोधत होतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दरवाजावर आजोबांनी टपालपेटी ठोकली होती, आणि ती काढल्यावर चार भोकं राहिली होती. या फळीला नव्हती. आमचा नव्हता तो. सुटलो असं वाटलं की वाईट वाटलं, हे अजून ठरलेलं नाही.

आमचा वाडा 2008 साली पडला. 'पडला' म्हणायची पद्धत आहे, पण आम्हीच पाडायला दिला. सात भाडेकरू, त्यातल्या एकाचं भाडं महिना 18 रुपये. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं गोठवलेली भाडी ती. त्यात कौलं शाकारणंसुद्धा परवडायचं नाही, मग वाळवी लागलेली तुळई कोण बदलणार? पुण्यातल्या कितीतरी वाड्यांची हीच गोष्ट आहे, त्यामुळे जास्त लांबवत नाही.

सांगायचं ते लाकडाबद्दल. वाडा उतरवणारा ठेकेदार आला, हातात टेप. सुरूचे खांब, तुळया, कडीपाट, सगळ्याचं त्यानं घनफुटात माप काढलं. जुन्या सागवानाला मागणी असते, कारण ते शंभर-दीडशे वर्षं मुरलेलं असतं, आता वाकणार नाही की आक्रसणार नाही. गणेशपट्टीवरचं कोरीवकाम त्यानं बोटानं चाचपलं, पण धरलं घनफुटातच. मग म्हणाला, "उक्तं द्या सगळं."

बाबा म्हणाले, "दरवाजा सोडून."

आणि मी म्हणालो, "बाबा, ठेवणार कुठे? टू बीएचकेत?" सात फूट उंच, दोन फळ्या, एका फळीत वाकून जायची दिंडी, मागे भिंतीत सरकणारा अडसर. हिशोब मी एक्सेलमध्ये मांडला होता. दरवाजा वगळला तर ठेकेदार एकूण आकड्यातून किती कापतो, तेही. बाबा गप्प बसले. ते नेहमीच कमी बोलतात, त्यामुळे मला ते फार जाणवलं नाही. फक्त कडी तेवढी त्यांनी स्वतः पक्कडीनं काढून घेतली.

नंतर कधीतरी 1972 चा पुरावस्तू कायदा वाचनात आला. त्यात पुरावस्तूच्या व्याख्येत, इमारतीपासून सुटी केलेली आणि किमान शंभर वर्षं जुनी असलेली वस्तूही येते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो. आमचा वाडा कुठल्याच वारसा यादीत नव्हता. म्हणजे दरवाजा चौकटीत होता तोवर राडारोडा, आणि चौकटीतून निघाला की पुरावस्तू! असो.

आता दुसरी गोष्ट. वरवर याच्याशी संबंध नाही असं वाटेल, पण थांबा.

2012 मध्ये सहा महिने ऑनसाइट होतो, अॅमस्टरडॅमला. तिथे स्पाउ नावाच्या चौकात दर शुक्रवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. लंच टाइममध्ये तिकडे चक्कर मारायचो. एकदा सुट्या चित्रांचा गठ्ठा चाळताना एकदम देवनागरी अक्षरं दिसली! मोठं आडवं पान, त्यावर बहाव्याची फांदी, लांब शेंगा, आणि कोपऱ्यात नाव चार लिप्यांत. त्यातली एक आपली. परदेशात सहा आठवडे डाळ-भात स्वतः शिजवून खाणाऱ्या माणसाचं काय होत असेल, कल्पना करा.

ते पान 'होर्टस मलबारिकस'चं होतं. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड यानं मलबारातल्या वनस्पतींवर करवून घेतलेला हा ग्रंथ, 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅममध्येच छापलेला, 12 खंड. वनस्पतींची माहिती दिली इट्टी अच्युतन या केरळी वैद्यानं, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. त्या तिघांचं नागरीतलं निवेदन पहिल्या खंडात आहे. झाडांची कोकणी नावंही त्यांचीच.

विक्रेत्यानं शिकवलं, अस्सल कसं ओळखायचं ते. तांब्याचा पत्रा दाबून छापलेलं असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा बोटाला लागतो. भिंगाखाली अखंड रेषा दिसतात, ऑफसेटसारखे ठिपके नाहीत. आणि मधोमध घडी हवी, कारण चित्रं दुपानी होती.

"पण हे सुटं कसं?" मी विचारलं. तो सहज म्हणाला, पुस्तकं फोडतात. बाराही खंड घेणारं गिऱ्हाईक दहा वर्षांत एखादं येतं, भिंतीवर एक झाड लावणारे रोज येतात. (आमच्या धंद्यातही मोनोलिथ फोडून सुटे तुकडे करतात, पण ते निदान एकमेकांशी बोलतात.) मला ते ऐकून कसंतरी झालं. तरीही 170 युरो देऊन पान घेतलंच. मी नाही घेतलं तर दुसरा घेईल, हे वाक्य तेव्हा मनात होतं. हेच वाक्य ठेकेदारानंही ऐकवलं होतं, हे फार उशिरा आठवलं.

इतकी वर्षं ते नळकांड्यात होतं. टीपॉय बघून आल्यावर बायको म्हणाली, ते चित्र तरी लाव. रविवारी फ्रेमवाल्याकडे न्यायचं म्हणून डायनिंग टेबलवर उलगडून ठेवलं, आणि उडू नये म्हणून वर ठेवायला बाबांनी त्यांच्या पिशवीतून कडी काढून दिली. ती अजून त्यांच्या पिशवीत असते, हे मला माहीत नव्हतं.

बाबांची सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, शेवटची बारा वर्षं बांधणी विभागात. त्यांनी चष्मा वर केला. बहाव्याकडे पाहिलं, नागरी अक्षरं पाहिली, खूश झाले. मग पान अलगद उलटं केलं. मागे घडीवर जुन्या कागदाची एक पट्टी अर्धवट चिकटलेली होती, फाटलेली. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"छान आहे," म्हणाले. "बाकीचं पुस्तक कुठंय?"