पहिल्या पानावरचं नाव

मुलांनो, नवी वही हातात आली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता? वास घेता! आणि मग? मग ठेवणीतल्या अक्षरात पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिता. पुढची पानं कशीही गिरगटलेली असोत, पण पहिलं पान मात्र कसं मोत्यांसारखं! हा नाव लिहायचा नाद माणसाला कधीपासून लागला असेल? चला, आज त्याचा माग काढायला भंडारा जिल्ह्यात जाऊ.

नागपूरहून रायपूरच्या रस्त्यानं साठेक किलोमीटर गेलं की वैनगंगेच्या काठी भंडारा लागतं. धानाची बांधं, जागोजागी तलाव आणि पितळेची भांडी ही इथली ओळख. ‘भांड्यांचं गाव म्हणून भंडारा’ असं लोक सांगतात. पण छत्तीसगढमधल्या रतनपूरच्या इ.स. १११४ च्या शिलालेखात ‘भाणार’ असं नाव आलं आहे आणि ते भंडाऱ्याचंच असं अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलं म्हणून नऊशे वर्षांपूर्वीचं गावाचं नाव आज आपल्याला कळतं!

याहूनही जुनी नावं बघायची तर भंडाऱ्याहून दक्षिणेला पवनीला जायचं. हेही वैनगंगेच्याच काठचं गाव. गावाला जुनी तटबंदी आहे. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे प्रमुख. मातीखालून निघाला एक भलामोठा बौद्ध स्तूप! त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख होते. काय होतं त्यांत? राजाच्या लढाया? छे! बऱ्याच लेखांत होती दान देणाऱ्यांची नावं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणी खांब दिला, कुणी आणखी काही दिलं आणि त्यावर आपलं नाव कोरून घेतलं. दगड हीच त्यांची वही आणि छिन्नी हेच त्यांचं पेन.

पण दगडावर नाव कोरून घेणं काही सगळ्यांना जमत नसे. कागद आणि शाई स्वस्त झाली, शाळा निघाल्या, तेव्हा कुठं लिहिणं घरोघर पोचलं. तेही किती अलीकडे, ते मला भंडाऱ्याच्या बाजारात कळलं.

विदर्भात ऊन कडक, म्हणून इथल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. त्या दिवसांत वह्या-पुस्तकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तिथं मला एकाच घरातली तीन माणसं भेटली. सातवीतली मुलगी जेल पेनांची टोपणं काढून कागदावर रेघोट्या मारून बघत होती. तिचे बाबा शाईपेनाची निब उजेडात धरून न्याहाळत होते. आणि ऐंशीच्या घरातले आबाजी कोऱ्या वहीच्या पानावरून नुसता हात फिरवत होते.

“आमच्या येळेस टाक होता जी,” आबाजी मला म्हणाले. “शाईची वडी पाण्यात घोळली का झाली शाई. दौत सांडली का मार!”

“मग तुम्हाला शाईचा राग नाही आला?” मुलीनं विचारलं.

आबाजी हसले. मग हळूच म्हणाले, “माह्या मायले लिहिता येत नव्हतं. कागदावर अंगठा लावे. मी चौथीत असताना तिले पाटीवर नाव शिकवलं. महिना लागला. मग एक दिवस तिनं माह्याच टाकानं कागदावर नाव लिहिलं. तो कागद अजून हाये माह्यापाशी.”

दुकानात एवढा गलका, पण आम्ही चौघं क्षणभर गप्प झालो. पेन, वही, शाई ही तुम्हाआम्हाला साधी खरेदी वाटते. त्या माउलीला मात्र तिनं अंगठ्यातून सोडवलं होतं.

आता या वस्तूंची थोडी कुळकथा ऐका. पूर्वी शाई घरी करत. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलली की काळी शाई तयार. दुसरी रीत हिरड्याची. हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, मिसळला की काळा रंग धरतो. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची खाण आहे. तिथलं काळं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी वापरतात. गंमत अशी, की फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी जी चित्रं काढली, त्यांतला काळा रंग मँगनीजच्याच खनिजांचा आहे. सेलमधली काळी पूड आणि गुहेतला घोडा, नातेवाईकच म्हणायचे!

आबाजी सांगत होते तसल्या शाईच्या वड्या आणि पूड मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये बनवायला घेतली. तीच पुढं आपल्या कंपासपेटीतली ‘कॅमलिन’ झाली. आणि मुलीच्या हातातलं जेल पेन? ते १९८४ मध्ये जपानमध्ये निघालं. म्हणजे ते तिच्या बाबांहूनही लहान!

दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, वही-पेनाला फूल वाहतो. दिवाळीत व्यापारी हिशेबाच्या नव्या वहीची पूजा करतात. तेव्हा एक काम आणखी करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांच्या आईचं, आजीचं नाव विचारा. त्यांच्या बोलीतले, आता फारसे कानावर न येणारे शब्द विचारा. ते सांगतील तसं लिहून घ्या, खाली तारीख टाका. त्यांना लिहिता येत असेल तर पेन त्यांच्याच हाती द्या. अक्षर थरथरलं तरी चालेल. येत नसेल, तर एक पाटी आणा आणि पहिलं अक्षर तुम्ही काढून द्या.