लिहिलेली प्रार्थना

आमच्या नवापूर तालुक्यात चर्चमध्ये प्रार्थना वाचत नाहीत, करतात. पाळक म्हणतात, "दादा, प्रार्थनेत चालवा." मग माणूस उभा राहतो, डोळे मिटतो आणि मनात येईल ते बोलतो. कधी मराठीत, कधी आमच्या मावचीत. पाऊस, भात, आजारी म्हैस, पोरांची परीक्षा, सगळं त्यात येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले, त्यांच्यापासूनची ही रीत. पुस्तकात बघून प्रार्थना म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. मलाही ते पटलेलं होतं.

लेक नाशिकला शरणपुरात दिली, तेव्हा दुसरी रीत बघायला मिळाली. व्याही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, पण घराणं मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च झालं, त्यातली एक अँग्लिकन. आमची मंडळी त्यात नव्हती.

नातीचा बाप्तिस्मा ठरला आणि आमच्याकडे कुरबुर सुरू झाली. आम्ही तान्ह्या लेकराला देवाला अर्पण करतो. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून, पाण्यात बुडवून. चार महिन्यांच्या पोरीला काय कळतं? मी व्याह्यांना फोनवर तसं बोललो. ते हसले. म्हणाले, "पाहुणे, लेकरू जन्मलं की तुम्ही त्याला घराचं आडनाव देता, की मोठं झाल्यावर विचारून देता? आणि आमच्या चर्चमध्ये दोन्ही चालतं. ज्याला मोठेपणी घ्यायचा, त्यानं मोठेपणी घ्यावा." मला पुढं बोलता आलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं नवरा-बायको एसटीनं पिंपळनेर, सटाण्यावरून नाशिकला गेलो. सोबत घरच्या तांदळाची गोणी आणि तुरीची डाळ. संध्याकाळी व्याह्यांनी मला सेंट अँड्र्यूज चर्च दाखवलं. शरणपूर ही वस्ती १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवली. नावच शरण आलेल्यांचं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं इथं वाढली, सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत होता आणि १८७४ साली त्याचं शव घेऊन थेट लंडनला गेला. व्याही हे सगळं घरच्या माणसाचं सांगावं तसं सांगत होते.

मला जास्त आवडली ती तिथली रजिस्टरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्हींच्या नोंदी. आमच्या सातबाऱ्यासारखंच. कोण कुणाचा, कधी आला, कधी गेला. वेदीवरचं कापडसुद्धा हंगामानुसार बदलतं. उपवासकाळात जांभळं, सणाला पांढरं, बाकी पुष्कळ महिने हिरवं. शेतकऱ्याला हे लगेच समजतं.

रात्री जेवणानंतर घरची प्रार्थना झाली. व्याह्यांची आई नव्वदीच्या पुढची, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मांडीवर जुनं प्रार्थनेचं पुस्तक, पण ते उघडायची गरज नव्हती. सगळं तोंडपाठ. व्याह्यांनी मला सांगितलं, की हे पुस्तक मुळात इंग्लंडच्या थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ साली तयार केलं. तोवर तिथं उपासना लॅटिनमध्ये चाले, साध्या माणसाला कळत नसे. राजापासून गड्यापर्यंत सगळ्यांनी आपल्या बोलीत एकच प्रार्थना एकत्र म्हणावी, हा त्यांचा विचार. पुढं १५५६ मध्ये क्रॅन्मरना जाळून मारलं. एकोणिसाव्या शतकात ते पुस्तक मराठीत आलं.

म्हातारी पापांगीकार म्हणू लागली. त्यात नुसतं केलेल्या चुकांचं नाही. जे करायला हवं होतं आणि केलं नाही, तेही देवापुढं कबूल करायचं असतं. ते ऐकलं आणि माझा घसाच बसला.

माझा धाकटा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी वारला होता. विहीर सामाईक, मोटर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं आणि चार वर्षं बोलणं बंद. स्टार्टरच्या पेटीची किल्ली माझ्याकडं. मी मोठा, त्यानं आधी यावं, एवढंच डोक्यात. तो सुरतेला दवाखान्यात अकरा दिवस होता. नवापूरहून सुरत काही लांब नाही. मी गेलो नाही. मातीच्या वेळी पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी खूप वेळ केली. लोक म्हणाले, दादांनी चांगली प्रार्थना केली. न गेल्याचा एक शब्द तिच्यात नव्हता. मनाला येईल ते बोलायची मुभा असली, की जे नको ते माणूस बरोबर गाळतो. मी तरी गाळलं.

रविवारी चर्च भरलेलं. बँकेतले साहेब, रिक्षावाले, नर्सबाया, शाळकरी पोरं, सगळे एका सुरात पापांगीकार म्हणत होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मीही पुस्तकात बघून म्हटलं. शब्द माझे नव्हते, पण चूक माझी होती. नंतर नातीच्या कपाळावर पाणी घातलं. ती रडली नाही, टकामका बघत राहिली. बाहेर चहा झाला, दफनभूमीच्या कुंपणावरून कमिटीवाल्यांचं जोरात भांडण झालं आणि थोड्या वेळानं तेच लोक नातीला घेऊन फोटो काढायला उभे राहिले.

आमची रीत मी सोडली नाही. अजूनही उभा राहून मनातलं बोलतो. पण आता बोलण्याआधी थोडा गप्प राहतो आणि न केलेलं आठवतो.

नाशिकहून आलो त्याच संध्याकाळी भावाच्या घरी गेलो. भावजय चुलीपाशी होती. स्टार्टरची किल्ली तिच्यापुढं ठेवली. म्हणालो, "पाणी आधी तुमचं. पोराला सांग, मोटर त्यानं लावायची." आणखी पण सांगायचं होतं, सुरतेचं. तेही सांगितलं, अडखळत.

ती काही बोलली नाही. बराच वेळ चुलीकडं बघत बसली. मग किल्ली उचलली आणि पदराला बांधली.