दुसऱ्या आडनावाची चौकट

व्हॅलेन्सिया, स्पेन

ति. मामांना,


इथल्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड आलं. फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं तर तुम्ही लगेच म्हणालात, "आलं ते ठीक, पण कागद काय काय लागले ते क्रमानं लिहून पाठव." उभी हयात तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला व्हॅलेन्सियाच्या समुद्रापेक्षा इथल्या अर्जाचा नमुना बघण्यात जास्त रस असणार, हे मला ठाऊक होतंच. म्हणून हे पत्र. शिवाय एक कामही आहे, ते शेवटी लिहिते. आधी काम सांगितलं तर बाकीचं तुम्ही वाचणार नाही.

मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीनं व्हिसा दिला, त्यावरच माझा परदेशी नागरिकाचा क्रमांक होता. इथे त्याला एन.आय.ई. म्हणतात. क्रमांक आयुष्यभर एकच. कार्ड मात्र मुदतीचं, परवाना संपला की बदलायचं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यानं देशात पाऊल ठेवल्यापासून एका महिन्याच्या आत कार्डासाठी अर्ज करायचा, असा नियम. अर्ज पोलिसांकडे. राष्ट्रीय पोलिसांच्याच कचेऱ्यांत परदेशी लोकांसाठी खिडक्या असतात. पण त्याआधी पालिकेत जाऊन आपण अमुक पत्त्यावर राहतो याची नोंद करायची. तिला पाद्रोन म्हणतात.

मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. पालिका फक्त विचारते, राहता कुठे? भाडेकरार दाखवा, पासपोर्ट दाखवा, झालं. या देशात राहायचा परवाना आहे की नाही, हे विचारणं पालिकेचं काम नाही. ज्याच्याकडे कसलाच परवाना नाही अशा माणसाचीसुद्धा नोंद होते, आणि त्याच नोंदीच्या आधारावर त्याच्या पोरांना शाळा मिळते. तुम्ही म्हणाल, मग बोगस नोंदींचं काय? आहेत, त्याही आहेत. पण 'राहतोस तर तुझी गणना होणार' या विचारात मला एक सरळपणा दिसतो. आपल्याकडे रहिवासी दाखल्यासाठी ऊसतोडणीच्या टोळ्यांतल्या बायका तुमच्या टेबलापुढे ताटकळायच्या, ते लहानपणी मी पाहिलंय. त्या सहा महिने एका गावात नि सहा महिने दुसऱ्या गावात. दोन्ही गावं म्हणायची, आमच्या नाहीत.

पोलिसांकडे जायचं तर आधी वेळ घ्यावी लागते आणि ती संगणकावरूनच मिळते. मिळते म्हणजे कागदोपत्री. संकेतस्थळ उघडावं तर आत्ता वेळ उपलब्ध नाही, पुन्हा बघा. मग कुणी सांगतं सकाळी लवकर बघ, कुणी म्हणतं शुक्रवारी सोडतात. आणि जिथे रांग तिथे दलाल, हे तुम्हाला सांगायला नको. फुकट मिळणाऱ्या वेळा आधीच अडवून त्या विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येत असतात. मला विकत घ्यावी लागली नाही. ऑफिसातल्या वकिलीणबाईंनी काढून दिली. पण शेजारच्या पाकिस्तानी किराणा दुकानदारानं मोजले होते पैसे, आणि त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. तो म्हणाला, आरटीओत देत नव्हता का तुम्ही? यावर काय बोलणार?

बाकीचे कागद म्हणजे सतरा नंबरचा अर्ज, पासपोर्ट आणि त्याच्या प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीचा छोटा फोटो, पाद्रोनचा ताजा दाखला आणि सोळा युरोंच्या आसपासचं शुल्क. ते शुल्क बँकेत भरून चलन जोडायचं. चलनाचा चतकोर आपल्याकडे, चतकोर त्यांच्याकडे. तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं असतं.

क्रमांकाची गंमत सांगते, तुम्हाला आकडेमोड आवडते म्हणून. इथल्या नागरिकांच्या ओळखपत्रावर आठ आकडे आणि शेवटी एक अक्षर असतं. ते अक्षर मनाला येईल ते नाही. आठ आकडी संख्येला 23 नं भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून ठरलेल्या यादीतलं अक्षर घ्यायचं. 12345678 ला भागलं तर बाकी 14, अक्षर झेड. कारकुनानं एक आकडा चुकीचा लिहिला की अक्षर जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. आपल्या आधारचा शेवटचा आकडाही असाच राखणदार आहे. आम्हा परदेशी लोकांच्या क्रमांकात पुढे एक्स, वाय किंवा झेड लावतात, मग सात आकडे, मग ते अक्षर. भागाकार करताना एक्स म्हणजे शून्य, वाय म्हणजे एक, झेड म्हणजे दोन धरायचं. माझा वाय आहे. मी कागदावर भागाकार करून पाहिला. बरोबर आला.

आणि नागरिकांच्या या ओळखपत्राचा क्रमांक एक कुणाचा, ठाऊक आहे? हुकूमशहा फ्रँकोचा. 1944 साली त्यानंच हुकूम काढला आणि 1951 मध्ये कार्डं निघाली तेव्हा पहिलं स्वतःला घेतलं, दुसरं बायकोला, तिसरं मुलीला. दहापासून नव्व्याण्णवपर्यंतचे क्रमांक राजघराण्यासाठी राखीव, त्यातला तेरा अपशकुनी म्हणून वगळलेला. सक्ती मात्र सगळ्यात आधी कुणावर केली, तर तुरुंगातल्या कैद्यांवर आणि पोलिसांच्या नजरेखाली सुटलेल्यांवर. ओळखपत्र हे सरकारनं नागरिकाला दिलेलं भूषण असतं, असं कुणी भाषणात म्हटलं की मला आता ही क्रमवारी आठवते.

ठशांचं तर आपल्याशीच नातं आहे. पोलिसांनी माझ्या दोन्ही तर्जन्या काचेवर दाबून ठसे घेतले, आणि पुढे कार्ड हातात देतानाही पुन्हा बोट टेकवून खात्री केली. ही विद्या युरोपनं शोधून आपल्याला दिली असं इथल्या लोकांना वाटतं. पण हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं कंत्राटावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला तो 1858 साली, बंगालात. पुढे ठशांची वर्गवारी करण्याची रीत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता, नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं लागलं. हे मी ऑफिसात जेवताना सांगितलं तर सगळे गप्प बसले. जरा जास्तच अभिमानानं सांगितलं असावं.

आता खरी गोष्ट. अर्जात नावाच्या तीन चौकटी असतात: पहिलं आडनाव, दुसरं आडनाव, नाव. त्याखाली वडिलांचं नाव, आईचं नाव. माझ्या पासपोर्टावर आडनाव शिंदे आणि नाव अश्विनी दत्तात्रय. ऑफिसातला एक गुजराती मुलगा म्हणाला, दुसऱ्या चौकटीत वडिलांचं नाव टाक, मी तेच केलंय, नाहीतर संगणक पुढे जाऊ देत नाही. वकिलीणबाई म्हणाल्या, अजिबात नाही. पासपोर्टात आडनाव एकच आहे, चौकट रिकामी ठेवा. रिकामी ठेवली.

इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. लग्न झालं म्हणून बाईचं एक अक्षरही बदलत नाही. त्यामुळे आईची दोन्ही आडनावं मुलाच्या दोन्हीशी कधी जुळत नाहीत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. उलट आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचं, दोघं कुलकर्णी, इथल्या खिडकीवर काय झालं ऐका. बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, तुम्ही दोघं भाऊ-बहीण का? आपल्याकडे माझं आडनाव वेगळं म्हणून मुलाच्या शाळेच्या प्रवेशाला मला खुलासे करावे लागले, आणि इथे सारखं आडनाव असलेल्यांना करावे लागतात.

पिकासो तुम्हाला माहीत आहे. त्याचं पहिलं आडनाव रुईस, तेही चित्रकार असलेल्या वडिलांकडून आलेलं. पिकासो हे आईचं. सुरुवातीला चित्रांवर तो रुईसही लिहायचा, मग ते गळालं आणि जगाला आईकडचं तेवढं उरलं. त्याच्याही तीनशे वर्षं आधीचा वेलास्केस, तोही आईच्याच आडनावानं ओळखला जातो. कायद्यानं मात्र वडिलांचं आडनाव पुढे हे फार काळ चाललं. 1999 च्या कायद्यानं दोघांच्या संमतीनं आईचं पुढे घेता येऊ लागलं आणि 2017 पासून बापाला आपोआप मिळणारा पहिला मानही गेला. आता जन्मनोंद करताना आईबापांनी क्रम सांगायचा. त्यांचं एकमत नाही झालं तर नोंदणी अधिकारी ठरवणार.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हरखून गेले. मग रात्री हिशेब मांडत बसले तेव्हा उत्साह जरा उतरला. आईचं आडनाव म्हणजे तरी काय? आईच्या वडिलांचं. मी इथे जन्मले असते तर अश्विनी शिंदे माने झाले असते, म्हणजे दोन्ही आजोबा नावात आले आणि दोन्ही आज्या बाहेरच राहिल्या. आईला विचारलं, आजीचं माहेरचं आडनाव काय गं? ती म्हणाली, "आमच्या दादालाच ठाऊक." तर सांगा.

तरीही मामा, काही न मिळण्यापेक्षा हे बरंच आहे. तुमचं आडनाव माझ्या नावात असतं तर शाळेच्या हजेरीत रोज दोन घरं घेतली गेली असती. आपल्याकडे सरकारी कागदावर माणसाच्या पूर्ण नावातच आईचं नाव यायला 2024 उजाडावं लागलं. त्या वर्षी 1 मे रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्रानं ठरवला. तुम्ही तेव्हा फोनवर कुरकुरला होतात, नमुने सगळे बदलावे लागतील म्हणून. पण त्यातही आईचं नुसतं पहिलं नाव आलं, तिचं घर नाही आलं. आणि ते पहिलं नाव तरी कुठलं? आमची आई तुमच्याकडे कुसुम आणि आमच्याकडे वैशाली. अर्जात मी पासपोर्टावरचं वैशाली लिहिलं. कुसुम नावाच्या मुलीचा या कार्डाशी काही संबंध राहिला नाही.

एक बोलते, रागावू नका. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं होतं. कायद्यानं तो हक्क तिला होताच, हे तुम्हीच आम्हाला समजावून सांगितलं होतं. मग हक्कसोडपत्र झालं आणि नाव उतरलं. आईनं राजीखुशीनं सही केली, असं ती आजही म्हणते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. तुमच्यावरही आहे. दर दिवाळीला तुम्ही तिला जे करता ते मी पाहत आलेय. पण राजीखुशीनं सह्या करायला येतात त्या बहुतेक बहिणीच का असतात, भाऊ का नसतात, हा प्रश्न तुमच्या टेबलावर इतकी वर्षं असली पत्रं येत राहिली तेव्हा तुम्हाला कधी पडला का? तुम्ही स्वतः लक्ष्मीमुक्तीच्या नोंदी केल्या आहेत, बायकांची नावं नवऱ्याच्या जमिनीवर चढवली आहेत. म्हणून तुम्हालाच विचारते. उत्तर लिहिलंत तर आवडेल, नाही लिहिलंत तरी राग नाही.

आता काम. माझं कार्ड आल्यामुळे आता नवऱ्याचा आणि मुलाचा, म्हणजे संदीप आणि ओजसचा, इथे येण्यासाठी अर्ज करता येईल. घोळ असा की ओजसच्या जन्मदाखल्यात आईचं नाव 'अश्विनी संदीप पाटील' आहे आणि माझ्या पासपोर्टावर 'अश्विनी दत्तात्रय शिंदे'. इथल्या खिडकीवर या दोन वेगळ्या बायका ठरतात, आणि शपथेवर नेमलेला अनुवादक जे लिहिलंय त्याचंच स्पॅनिश करणार, नातं लावून देणार नाही. लग्नाच्या दाखल्यात माझं माहेरचं नाव आहे, तेवढा पूल पुरेल असं संदीपला वाटतं. वकिलीणबाईंना वाटत नाही. मला त्यांचं पटतं. तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली नावदुरुस्तीचा अर्ज कराडच्या नगरपालिकेत द्यायचा आहे. संदीप देईल, पण मसुदा तुम्ही बघा, त्याला या बाबतीत काही कळत नाही. दुरुस्त दाखला मिळाला की तो आणि लग्नाचा दाखला दोन्ही आधी मंत्रालयातून साक्षांकित होतील आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल लागेल. मुंबईचं ते संदीप करेल, तुम्ही प्रवास करायचा नाही. मूळ प्रती त्याच्याकडे द्या, लॅमिनेशन कुणालाही करू देऊ नका, त्यावर शिक्का बसत नाही. आणि दुरुस्तीच्या अर्जात माझं नाव लिहिताना आडनावापुढे कंसात 'माहेरचे' असं लिहू नका. शिंदे एवढंच लिहा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अश्विनी