दोन इंचांचा मऊपणा

तापलेल्या रेक्झीनला एक वास असतो. नव्या दप्तराच्या जवळ जाणारा, किंचित रबरी. आणि आगगाडीच्या डब्यात त्यात संत्र्याच्या साली, कुणाच्या तरी शिदोरीतली लसणाची चटणी, खिडकीच्या गजांचं लोखंड असं काय काय मिसळत जातं. उतारवयाकडे झुकतानाही हा वास कुठे अवचित आला की माझा तळहात आपोआप खाली जातो, काहीतरी दाबून पाहायला. दाबलं की आत जावं, सोडलं की वर यावं, एवढीच त्याची अपेक्षा असते.

त्याआधी लाकूड होतं.

दुसऱ्या वर्गाच्या डब्यातली ती पट्ट्यापट्ट्यांची फळी मला पाठीनं आठवते. वडील तिच्यावर सतरंजी घालायचे, वर चादर, आणि आम्हा भावंडांना भिंतीकडून ओळीनं निजवायचे. तरी रात्री कधीतरी एखादी पट्टी बरगडीत घुसायची. सकाळी आईच्या दंडावर, माझ्या गालावर लाकडाचे वळ उठलेले असायचे आणि ते दिसूनही कुणी त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. प्रवास म्हटला की अंग आंबायचंच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. गरिबीत अशी किती दुखणी दुखणं म्हणून मोजलीच जात नाहीत.

मग एका सुट्टीत नागपूरला आत्याकडे जाताना बर्थवर चढले आणि हात रुतला. वडील शेजारी बसले, त्यांनीही दाबून पाहिलं आणि म्हणाले, “दंडवत्यांनी केलं हे.” एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्यात घरातल्या कुणीतरी आठवण ठेवून काही पाठवावं, तसा हळवेपणा होता.

प्राध्यापक मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईहून हावड्याला जाणारी गीतांजली एक्स्प्रेस निघाली. तिच्यात वरचा आणि खालचा असा वर्गच नव्हता. आणि लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम आला, आधी काही गाड्यांत, मग हळूहळू सगळीकडे. वरच्या वर्गाची गादी काढून घ्यायची नाही, खालच्या वर्गाला गादी द्यायची, असा त्यांचा विचार होता. ते समाजवादी होते, समतेच्या गोष्टी आयुष्यभर बोलले. पण अधिकार हाती आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा निजणाऱ्याच्या पाठीचा विचार केला, याचं मला राहून राहून भरून येतं. केवढं साधं! त्याआधी इतके मंत्री होऊन गेले, आणि हे कुणाला सुचू नये?

1974 च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. कुणाची चूल त्यामुळे पुन्हा पेटली असेल, कुणाच्या मुलीचं मोडत आलेलं लग्न सावरलं असेल. अशा गोष्टींच्या कमानी उभारत नाहीत.

मुळात ते शिक्षक. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. लोकसभेतही त्यांचं बोलणं तसंच असायचं, आधी प्रश्न मांडायचा, मग त्याची एकेक घडी उलगडायची. टीका धारदार, पण समोरच्याचा मान राखून. त्यांना मवाळ म्हणायचं तर ते या अर्थानं. भित्रेपणाचा तिथे लवलेश नव्हता. 1955 साली गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन जाणारा आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार अंगावर घेणारा माणूस होता तो. ज्यानं मार खाल्ला आहे त्याचा आवाज पुढे चढत नाही, असं सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही. त्यांच्या बाबतीत घडलं.

आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर तिथेच पकडले गेले. इकडे प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. दोन राज्यांतल्या दोन भिंतींआड नवरा-बायको, आणि मध्ये पत्रं. पुस्तकांबद्दल, संगीताबद्दल, एकमेकांच्या नसण्याबद्दल. मला त्या पत्रांचा फार विचार येतो. आपण लिहिलेलं आधी कुणीतरी परकं वाचणार, हे ठाऊक असताना माणूस आपल्या माणसाला काय लिहितो? बाहेर काय चाललंय याची धड खबर नाही, कधी सुटणार ते माहीत नाही, आणि तरी एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत कुठल्यातरी रागाची आठवण जात राहते. तिथून सुटून आलेला माणूस सत्तेवर बसतो आणि सूड आठवत नाही, फोम आठवतो. त्या तुरुंगात निजायला काय होतं कुणास ठाऊक. त्यांच्या पाठीलाही काही कळलं असेल का?

माझं आजोळ कुडाळच्या बाजूचं. तिकडे जायला आगगाडी नव्हतीच. लाल एस.टी., घाटातली वळणं, उलट्या, आवळासुपारी, पहाटे डोळे चोळत उतरणं. नाथ पै अकाली गेले त्याच 1971 साली त्यांच्या राजापूर मतदारसंघातून दंडवते पहिल्यांदा निवडून आले आणि मग कोकणानं त्यांना सलग पाच वेळा पाठवलं. 1984 च्या लाटेत मोठमोठे वाहून गेले, नाना टिकले. आजोळी त्यांना नानाच म्हणत. निवडणुकीत ओसरीवर बसून मामा त्यांच्याबद्दल बोलायचा तेव्हा पक्षाचं नाव क्वचित यायचं. माणूस सरळ आहे, हे पुन्हा पुन्हा यायचं.

कोकण रेल्वेसाठी ते किती वर्षं बोलत राहिले! ऐकणारे थकले असतील. पुढे ते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, आणि 1990 च्या जुलैत महामंडळ स्थापन झालं. सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. आता डोंगर फुटणार होते, नद्यांवर खांब चढणार होते, आणि आजीच्या तोंडी ‘रेल्वे येतली’ हे वाक्य यायला लागलं होतं.

आणि पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, राजापूरनं त्यांना पाडलं.

का, याची कारणं राजकारणातले जाणकार सांगतील. ती खरीही असतील. मामा त्या दिवशी जेवला नव्हता, असं आई सांगते. 26 जानेवारी 1998 रोजी सगळा मार्ग खुला झाला. त्या वेळी नाना लोकसभेत नव्हते. ज्या मतदारसंघासाठी त्यांनी ही गाडी मागितली होती, त्या राजापूरचे खासदार म्हणून त्या दिवशी ते असायला हवे होते, ही रुखरुख माझ्या मनातून अजून गेलेली नाही.