सुरतेचा चांदणी पडवा

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसास प्रथम शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. परंतु लिंबायत-उधन्याकडे ज्यांचा संसार रुजला, त्या खानदेशी कुटुंबांना हे गाव ओळखीचे आहे ते यंत्रमागांच्या खडखडाटाने आणि इथल्या खाद्यप्रेमाने. 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही गुजराती म्हण तर सर्वश्रुतच आहे.

या खाण्याचे खरे वैभव पाहावे ते चांदणी पडव्याला. आपली कोजागरी आटोपली की दुसऱ्या दिवशी, आश्विन वद्य प्रतिपदेस, सुरतकर सहकुटुंब घराबाहेर पडतात. पदपथांवर, मैदानांत, डुमसच्या वाटेवर सतरंज्या अंथरल्या जातात. तुपाने माखलेली घारी आणि तिच्या जोडीला खमंग भुसू! या सणाला ना मूर्ती लागते, ना मंत्र. लागतात ती फक्त आपली माणसे.

अलीकडे मात्र या सतरंज्यांवर आम्हांस निराळाच उजेड दिसू लागला आहे. घारीचा डबा उघडला की आधी तिचे छायाचित्र निघते. ते धाडले की कोण काय म्हणतो याची वाट पाहणे सुरू. उत्तर केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणूनच मन त्यात अधिक गुंतते आणि हात पुन्हा पुन्हा मोबाईलकडे वळतो. शेजारी आजी काही सांगत असते. नातू नुसता हुंकार देतो. मग आजीही गोष्ट अर्ध्यावर आवरती घेते.

मोबाईलला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. जळगाव-धुळ्याकडील म्हाताऱ्या आईचा चेहरा तोच रोज दाखवतो. परंतु महाराष्ट्राबाहेरील घरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बाजार गुजरातीत, कारखाना बहुधा हिंदीत. मराठीच्या वाट्याला उरते ती रात्रीच्या जेवणाची घटका. तीही गेली तर मुलांच्या कानी मायबोली पडायची कोठे? शब्द पुस्तकातूनही शिकता येतात. थट्टा, रुसवा आणि समजूत यांची भाषा मात्र समोरासमोरच उमगते.

या व्यसनावर उपचार करणारे केंद्र बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ सालीच उघडले. पण घरच्या घरी करण्याजोगा उपाय दाखवला तो सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने. तेथे २०२२ साली सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा प्रघात पडला. मुलांनी अभ्यास करावा, घरात बोलणे व्हावे, एवढाच हेतू.

आपल्या वस्त्यांत भोंगा नसला तरी अडत नाही. ताटे मांडताना घरातील सर्वांनी, आणि प्रथम वडीलधाऱ्यांनी, मोबाईल फडताळात ठेवले तरी पुष्कळ झाले. लेकरे आपले ऐकत नाहीत. ती आपल्याकडे पाहतात, हे आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे.