राखलेली फळे

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे, भांडी घासण्याच्या दगडापासून निघणारा पाट जिथे संपतो, तिथे टोमॅटोचे चार वाफे असत. शाळेत राहून गेलेल्या बहुतेक तुकड्यांना ते आठवत असतील. मात्र त्या वाफ्यांतील सर्वोत्तम फळे आम्ही कधीच खाल्ली नाहीत, हे पालकांना आणि अलीकडच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच असे नाही. ती पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी राखलेली असत.

बियाण्यासाठी फळ निवडायचे नसते, झाड निवडायचे असते, ही शेतीच्या गुरुजींची पहिली शिकवण. एखाद्या रोगट झाडालाही चुकून एक देखणे फळ लागते; त्याला भुलू नये. ज्या झाडाची पाने आकसलेली नाहीत, ज्याला घोसामागून घोस लागले, ज्याची फळे पावसाच्या सरीनेही तडकली नाहीत, अशी पाच-सहा झाडे आम्ही पौष महिन्यात हेरून ठेवत असू आणि त्यांच्या बुंध्याला सुतळीचा तुकडा बांधत असू. सुतळीच्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. ती फळे वेलीवरच पूर्ण पिकून मऊ पडेपर्यंत राहू द्यायची. सकाळच्या वंदनेत पंचशील म्हणताना दुसरे शील ओठांवर येई, तेव्हा आमच्यातील कित्येकांच्या नजरेसमोर ती लालभडक फळेच उभी राहत, हे आज सांगायला हरकत नाही. आमटीत टोमॅटोची एखादी फोड आली तरी आनंद व्हावा, अशा त्या दिवसांत डोळ्यांसमोरचे उत्तम फळ सोडून देणे ही सोपी गोष्ट नव्हती.

बी काढण्याचे काम दहावीच्या मुलांकडे असे. फळ आडवे कापून गर बियांसकट मातीच्या मडक्यात पिळायचा, वर थोडे पाणी घालायचे, तोंडाला फडके बांधायचे आणि मडके सावलीत ठेवायचे. दोन-तीन दिवसांत त्याला आंबूस वास सुटे आणि वर पांढरट साय धरे. स्वयंपाकाच्या मावशी नाक मुरडत आणि मडके दूर नेऊन ठेवायला सांगत. पण आंबणे हाच या रीतीचा गाभा आहे. टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असते आणि ते बीला फळातच रुजू देत नाही. आंबवल्यावर ते आवरण सुटते. त्याहून अधिक दिवस मात्र ठेवायचे नाही, कारण मग बी मडक्यातच मोड धरते. नंतर पाणी घालून ढवळले की भरीव बी तळाशी बसते, पोकळ बी आणि गराचे तुकडे वर तरंगतात. वरचे ओतून द्यायचे, पुन्हा पाणी, पुन्हा ओतणे. पाणी नितळ दिसेपर्यंत. मग ते बी पितळी ताटात पसरून सावलीत वाळवायचे. कागदावर वाळवले तर ते चिकटून बसते, उन्हात वाळवले तर त्याची उगवणशक्ती जाते. हाताला मखमलीसारखे लागणारे ते फिकट पिवळे बी चाळलेल्या राखेत मिसळून बरणीत भरले जाई. बरणीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी. अशी कोरडी, झाकणबंद बरणी चार वर्षे सहज टिकते.

भाद्रपदात गादीवाफ्यावर ते बी टाकले जाई. तोवर ते काढणारी दहावीची मुले शाळा सोडून गेलेली असत. त्यांनी राखलेली फळे त्यांच्या वाट्याला कधी आली नाहीत.

या सगळ्याचे मोल आम्हांला तेव्हा का वाटले, हे सांगणे आवश्यक आहे. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शेत नव्हते. आमच्या आया दुसऱ्यांच्या मळ्यात टोमॅटो तोडायला जात. दिवसभर क्रेट भरत आणि संध्याकाळी पदरात चार डागी फळे घेऊन येत. पेरणी त्यांच्या हातची, खुरपणी त्यांच्या हातची, तोडणीही त्यांच्याच हातची. पण बियाणे ही मालकाच्या घरातील वस्तू. मजुराच्या मुठीत बी येई ते टाकण्यापुरते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यातील तुरुंगवासाच्या गोष्टी आमच्यापैकी काहींनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. जमीन आमच्या घरी तरीही आली नाही. परंतु 'आपले बियाणे' हा शब्द आम्ही पहिल्यांदा उच्चारला तो या वाफ्यांपाशी. बरणीने जमिनीची उणीव भरून निघते असे आम्ही म्हणणार नाही. तसे कोणी म्हटलेले आम्हांला आवडतही नाही. मात्र वर्षावासात भंतेजींनी कसिभारद्वाज सुत्त समजावून सांगितले, त्यात बुद्धाने शेतकरी ब्राह्मणाला उत्तर देताना श्रद्धेला बीज म्हटले आहे, हे ऐकताना त्या शब्दाचा अर्थ आम्हांला कोणी फोडून सांगावा लागला नाही.

आमच्या वाफ्यातील वाण पुसा रुबी; चपटे, कडांना किंचित खाचा असलेले, आंबटसर फळ. हे सरळ वाण असल्यामुळे त्याच्या बीपासून तसेच झाड येते. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असते आणि बहुधा फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून शेजारी दुसरे वाण असले तरी मिरचीसारखी सरमिसळ सहसा होत नाही. संकरित वाणाची गोष्ट निराळी. गुरुजींनी एका वर्षी बाजारातील संकरित फळांचे बी मुद्दाम एका वाफ्यात लावायला दिले. कुठे लांबट फळ, कुठे गोल, कुठे झाड उंच तर कुठे खुजे. एका फळाची लेकरे, पण एकासारखे दुसरे नाही. पाठ्यपुस्तकातील मेंडेलचा नियम आम्हांला त्या वाफ्यात दिसला. संकरित बियाणे वाईट, असे मात्र गुरुजींनी कधी सांगितले नाही. त्याचे उत्पन्न अधिक, फळ कणखर, वाहतुकीत टिकणारे. पोट शेतीवर असलेल्याने ते घ्यावे यात नवल नाही. पण ते दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि दहा ग्रॅमच्या पाकिटाला काहीशे रुपये पडतात. घरच्या भाजीपुरते चार रोप लावणाऱ्याने तो खर्च का करावा?

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने २००१ साली शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क लेखी मान्य केला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या जुन्या सोबत्यांत दिवसभर फोन सुरू होते. कोणीतरी विचारले, बरणी अजून आहे का? आहे. वाफे चारांऐवजी दोन उरले आहेत, कारण उरलेल्या जागी मुलींच्या वसतिगृहाची भिंत आली. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

या स्मरणिकेच्या प्रकाशनाला येणाऱ्यांसाठी यंदाच्या बियाण्याच्या पुड्या कार्यालयात ठेवल्या आहेत. प्रत्येक पुडीत पंचवीसेक बिया आहेत. बी नखभर खोल टाकावे, त्याहून खोल नको. रोपे वीतभर झाली की हलवावीत. शहरात गॅलरीत लावणाऱ्यांनी तेलाचा पत्र्याचा डबा घेतला तरी चालतो, फक्त तळाला भोके पाडून घ्यावीत. सुतळी मात्र आपापली आणावी. पुडीत ती घातलेली नाही.